लोराँ फाब्यूस: दोनदा अध्यक्ष, राष्ट्राध्यक्ष मात्र कधीच नाही (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

फ्रेंच शिकवताना पॅरिस कराराचा (२०१५ चा हवामान करार) विषय निघाला की हातोडी आपटणाऱ्या त्या टकल्या माणसाचा फोटो येतो आणि मग प्रश्न सुरू होतात. तेच तेच प्रश्न इतक्या वेळा आलेत की म्हटलं एकदाच नीट लिहून टाकू. क्रम फार लावलेला नाही, जसं आठवलं तसं.

हा माणूस नक्की कोण? थोडक्यात सांगा.

लोराँ फाब्यूस, जन्म २० ऑगस्ट १९४६, पॅरिस. समाजवादी पक्षाचा. ३७ व्या वर्षी पंतप्रधान, फ्रान्सच्या नॅशनल असेंब्लीचा दोनदा अध्यक्ष, अर्थमंत्री, परराष्ट्रमंत्री, पॅरिस हवामान परिषदेचा अध्यक्ष आणि शेवटी नऊ वर्षं कॉन्स्टिट्यूशनल कौन्सिलचा (कायदे घटनेत बसतात का ते तपासणारी संस्था) प्रमुख. मार्च २०२५ मध्ये ७८ व्या वर्षी तिथून बाहेर पडला. म्हणजे बघा, या माणसाने एक खुर्ची सोडून सगळ्या खुर्च्यांवर बसून घेतलं, आणि जी राहिली तीच त्याला हवी होती.

माझं स्वतःचं मत आधीच सांगते म्हणजे पुढचं वाचताना लक्षात राहील: याला लग्नात नवरदेव व्हायचं होतं, पण दर वेळी हातात मंगलाष्टकांचा कागद आला. आणि गंमत म्हणजे भटजी म्हणून तो उत्तम निघाला.

नाव फेबियस की फाबियस?

फ्रेंचमध्ये साधारण फाब्यूस, शेवटचा स वाजतो. लॉरेंट नाही, लोराँ. आपले पेपर काहीही छापतात, मनावर घेऊ नका.

असेंब्लीचा अध्यक्ष म्हणजे आपल्या लोकसभेच्या अध्यक्षासारखाच ना?

काम सारखं, पण वजन वेगळं. पॅरिसला सेन नदीच्या काठी पाले बुर्बाँ नावाचा राजवाडा आहे, तिथे ५७७ खासदार अर्धगोलात बसतात आणि अध्यक्ष त्यांच्या समोर खूप उंचावर बसतो. त्या जागेला फ्रेंच लोक 'पेर्शवार' म्हणतात, म्हणजे खुराड्यात कोंबड्या बसायची दांडी, अगदी हाच शब्द. राहायला शेजारीच ओतेल द लासे नावाचा वाडा मिळतो.

निवडणूक गुप्त मतदानाने होते, पहिल्या दोन फेऱ्यांत निम्म्याहून जास्त मतं लागतात, तिसऱ्यात ज्याला जास्त तो जिंकला. मानाच्या यादीत राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान, सेनेटचा अध्यक्ष आणि मग हा, म्हणजे चौथा. पण खरी ताकद दुसरीकडे आहे: कॉन्स्टिट्यूशनल कौन्सिलच्या नऊ सदस्यांपैकी तीन हा नेमतो, कुठलाही कायदा लागू व्हायच्या आधी तपासायला कौन्सिलकडे पाठवू शकतो, आणि राष्ट्राध्यक्षाला सभागृह बरखास्त करायचं असेल तर याचा सल्ला घ्यावा लागतो (ऐकावा लागतो असं नाही हं, फक्त घ्यावा लागतो).

अजून एक गोंधळ. फ्रेंचमध्ये देशाचा प्रमुखही 'प्रेझिदाँ' आणि सभागृहाचा प्रमुखही 'प्रेझिदाँ'. मराठीत आपल्याकडे निदान राष्ट्राध्यक्ष आणि अध्यक्ष असा फरक करता येतो, तिकडे बातमी वाचताना मुलांची हमखास विकेट पडते.

घरचा बॅकग्राउंड काय? पैसेवाला होता म्हणतात.

होता. वडील जुन्या कलावस्तूंचे व्यापारी, पॅरिसमधलं नावाजलेलं घराणं, मूळचं ज्यू, नंतर कॅथलिक झालेलं. शिक्षण म्हणजे फ्रान्समध्ये जेवढी म्हणून 'हुशार मुलांची' ठिकाणं होती तेवढी सगळी, एकोल नॉर्माल, सियाँस पो, आणि शेवटी एना, म्हणजे बडे अधिकारी तयार करणारी शाळा, तिथून १९७३ ला पास आणि मग थेट कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये (सरकारला कायद्याचा सल्ला देणारी आणि प्रशासकीय खटल्यांची सर्वोच्च संस्था) नोकरी.

घोडेस्वारीही उत्तम. १९७० मध्ये टीव्हीवर 'डोकं आणि पाय' अशा नावाचा एक क्विझ शो होता, एकाने प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि दुसऱ्याने खेळात करामत दाखवायची, त्यात हा घोड्यावर दिसला होता. एवढं डोकं असलेल्या माणसाला पायांच्या बाजूला का घातलं देव जाणे.

१९८१ मध्ये बजेटमंत्री असताना श्रीमंतांवर संपत्ती कर आला आणि त्यातून कलावस्तू वगळल्या गेल्या, तेव्हा घराण्याच्या धंद्यावरून भरपूर टोमणे बसले. २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओलांदच्या सरकारने सगळ्या मंत्र्यांची संपत्ती जाहीर केली तेव्हा याची ६० लाख युरोच्या वर निघाली, मंत्रिमंडळात सगळ्यात जास्त. समाजवादी पक्षाचा मंत्री हे विसरू नका.

मग असा माणूस समाजवाद्यांकडे गेलाच कसा?

१९७४ ला पक्षात आला. तेव्हाचा पक्षप्रमुख आणि १९८१ पासून राष्ट्राध्यक्ष झालेल्या मितराँला अशी तरुण, आकड्यांत पक्की आणि जिभेवर ताबा असलेली माणसं हवी होती. त्याने याला जवळ केलं, नॉर्मंडीतल्या रुआँ शहराला लागून असलेल्या ग्राँ-केव्ही या कामगार वस्तीच्या गावात मुळं रुजवायला लावली, आणि १९७८ मध्ये हा तिथून खासदार झाला. पुढे तीस-पस्तीस वर्षं मतदारसंघ तोच. पॅरिसचा कोट-टायवाला आणि मतदार गोदी-कारखान्यातले, पण जमलं बुवा. स्थानिक काम मात्र त्याने मनापासून केलं हे मान्य करावं लागेल, रुआँ आणि आसपासच्या गावांची एकत्र संस्था त्याने चालवली, नॉर्मंडीतला इम्प्रेशनिस्ट चित्रकलेचा मोठा उत्सव २०१० मध्ये सुरू झाला तो त्याच्याच पुढाकाराने.

३७ व्या वर्षी पंतप्रधान? तो काय रेकॉर्ड होता का?

हो, १७ जुलै १९८४. पाचव्या प्रजासत्ताकात (म्हणजे १९५८ नंतरच्या व्यवस्थेत) तोपर्यंतचा सगळ्यात तरुण. हा रेकॉर्ड जवळजवळ ४० वर्षं टिकला, जानेवारी २०२४ मध्ये गाब्रिएल अताल ३४ व्या वर्षी आला तेव्हा मोडला. मितराँ तर म्हणे की फ्रान्सला हा तरुण पंतप्रधान मी दिलाय. वाक्य कौतुकाचं आहे पण नीट ऐका, 'मी दिलाय'. म्हणजे हा कुणाचा तरी दिलेला माणूस. हे लेबल पुढे निघता निघेना.

त्याच्या काळात काय झालं? उद्योगांची आधुनिक व्हायची धडपड, शाळाशाळांत कॉम्प्युटर पोचवायची योजना, बेरोजगार तरुणांना सार्वजनिक कामं, व्यवसाय शिक्षणाची नवी बारावी. आणि लोकांना चकित करणारी एक गोष्ट: डिसेंबर १९८५ मध्ये मितराँने पोलंडचा हुकूमशहा यारुझेल्स्कीला भेटायला बोलावलं तर पंतप्रधान संसदेत उभा राहून म्हणाला की या भेटीने मी अस्वस्थ झालोय. ज्याने वर आणलं त्याच्याबद्दल जाहीरपणे असं बोलणं तिकडेही सोपं नसतं.

पण त्याआधी ऑक्टोबरमध्ये टीव्हीवर उजव्यांचा नेता शिराकशी वाद झाला त्यात माती खाल्ली. हा सारखा मधे मधे बोलत होता, शिराकने त्याला भुंकणाऱ्या लहान कुत्र्याची उपमा दिली, आणि याने नाक वर करून ऐकवलं की तुम्ही फ्रान्सच्या पंतप्रधानाशी बोलताय. बस. लोकांना कुत्र्याचा विनोद पण लक्षात राहिला आणि याचं ते फणकारणंही. मार्च १९८६ ला डावे हरले, शिराक पंतप्रधान, हा घरी. एकूण २० महिने.

रेनबो वॉरियर बॉम्बस्फोट याच्याच काळातला ना?

याच्याच. १० जुलै १९८५, न्यूझीलंडचं ऑकलंड बंदर, ग्रीनपीसचं जहाज, फ्रान्सच्या अणुचाचण्यांविरुद्ध पॅसिफिकमधल्या म्युरुरोआ बेटाकडे निघायच्या तयारीत. फ्रेंच गुप्तहेरांनी दोन स्फोट करून ते बुडवलं, फर्नांदो परेरा नावाचा फोटोग्राफर मेला. न्यूझीलंडच्या पोलिसांनी दोन फ्रेंच एजंट पकडले सुद्धा. पॅरिसने आधी कानावर हात ठेवले, एक सरकारी चौकशी झाली आणि तिने सरकारला जवळपास क्लीन चिट दिली, पण सप्टेंबरमध्ये पेपरांनी भांडं फोडलं, संरक्षणमंत्री शार्ल एर्न्यूने २० तारखेला राजीनामा दिला आणि २२ ला फाब्यूसला कॅमेऱ्यासमोर कबूल करावं लागलं की हो, आमच्याच गुप्तचर खात्याने आदेशावरून केलं.

पंतप्रधानाला आधी काय माहीत होतं? तो कायम म्हणत आला की मला अंधारात ठेवलं. म्हणजे एकतर त्याला माहीत होतं, किंवा देशाच्या पंतप्रधानाला कुणी विचारतच नव्हतं, दोन्हीतलं काय बरं ते तुम्हीच ठरवा. आणि ३० वर्षांनी हाच माणूस जगाला हवामान करार मिळवून देतो आणि हॉलमध्ये पर्यावरणवाले उभे राहून टाळ्या वाजवतात.

पहिल्यांदा असेंब्लीचा अध्यक्ष कसा झाला?

खरं सांगू, सांत्वनपर बक्षीस म्हणून. मे १९८८ ला मितराँ परत निवडून आला, त्याची इच्छा होती की फाब्यूसने पक्ष ताब्यात घ्यावा, पण पक्षातल्या लोकांनी पिएर मोरवाला प्रमुख केलं. मग याचं काय करायचं? तर असेंब्लीची खुर्ची. २३ जून १९८८, वय ४१.

आता या टर्मची मजा अशी की सरकारकडे बहुमत नव्हतं. समाजवादी सगळ्यात मोठा पक्ष, पण ५७७ पैकी २८९ चा आकडा नाही. पंतप्रधान मिशेल रोकार, जो फाब्यूसच्या पंतप्रधानकाळात निवडणूक पद्धत बदलण्याच्या वादावरून मंत्रिपद सोडून गेला होता, आणि आता वरती खुर्चीत बसून त्याच रोकारच्या सरकारचं कामकाज चालवायचं. दोघांचं किती जमत असेल कल्पना करा.

कलम ४९.३ म्हणजे काय ते इथेच सांगा, न्यूजमध्ये सारखं येतं.

सरकार म्हणतं, या विधेयकावर आम्ही आमची खुर्ची पणाला लावतो. मग मतदान होतच नाही. २४ तासांत अविश्वास ठराव दाखल होऊन तो पास झाला तर सरकार पडतं, नाहीतर विधेयक आपोआप मंजूर. विरोधकांना ठरावाच्या बाजूने निम्म्याहून जास्त खासदार जमवावे लागतात, गैरहजर राहणारे सरकारच्या खात्यात.

रोकारने तीन वर्षांत हे हत्यार २८ वेळा काढलं. २८! आणि त्या सगळ्या काळात सभागृहाच्या अध्यक्षपदी फाब्यूस. सगळ्यात काठावरचा प्रसंग नोव्हेंबर १९९० चा, सीएसजी नावाचा नवा सामाजिक कर होता, उजवे आणि कम्युनिस्ट एकत्र आले, ठरावाला २८४ मतं पडली, लागत होती २८९. पाच मतांनी सरकार वाचलं. तो कर आजही फ्रेंच माणसाच्या पगारातून दर महिन्याला कापला जातो.

२००८ मध्ये घटना बदलून या कलमाला लगाम घातला, आता बजेट आणि सोशल सिक्युरिटीची बिलं सोडून एका अधिवेशनात एकदाच.

मग १९९२ मध्ये खुर्ची सोडली का?

पक्ष मिळाला म्हणून. मधे १९९० ला रेन शहरात पक्षाचं अधिवेशन झालं होतं, तिथे फाब्यूस आणि पक्षातला दुसरा मोठा नेता जोस्पां यांचे गट इतके भांडले की आजही फ्रान्समध्ये डाव्यांची भाऊबंदकी म्हटलं की रेनचं नाव निघतं. जानेवारी १९९२ ला शेवटी हा पक्षाचा प्रथम सचिव झाला. आणि मिळालं काय तर बुडतं जहाज. मार्च १९९३ च्या निवडणुकीत समाजवाद्यांचा पार धुव्वा उडाला, एप्रिलमध्ये याला काढून पक्ष रोकारने घेतला. अध्यक्षाची सुरक्षित खुर्ची सोडून सव्वा वर्षात रस्त्यावर.

दूषित रक्ताचं प्रकरण काय होतं? तो दोषी होता का?

यावर जरा सविस्तर लिहिते कारण लोक एकतर त्याला खुनी म्हणतात किंवा प्रकरणच विसरून जातात.

१९८४-८५ चा काळ, एड्स नुकता कळू लागलेला. हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्तापासून बनवलेली औषधं लागतात, ती एचआयव्हीने दूषित होती आणि फ्रान्समध्ये सरकारी रक्त केंद्राकडून ती वाटली जात राहिली. शेकडो माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. दुसरा मुद्दा रक्तदात्यांच्या तपासणीचा: अमेरिकन कंपनीची टेस्ट तयार होती, फ्रान्सच्या पाश्चर संस्थेची यायची होती, आणि आरोप असा की देशी टेस्टला बाजार मिळावा म्हणून परवानगी लांबवली. फाब्यूसने १९ जून १९८५ ला संसदेत सक्तीच्या तपासणीची घोषणा केली, १ ऑगस्टपासून ती लागू झाली. मधले आठवडे, हाच सगळा खटला.

माजी मंत्री जॉर्जिना द्युफ्वा म्हणाली होती, 'जबाबदार, पण दोषी नाही'. हे वाक्य फ्रेंच भाषेत शिवीसारखं होऊन बसलंय, कुठलाही नेता हात झटकायला लागला की लोक तेच तोंडावर मारतात.

१९९३ मध्ये मंत्र्यांवरच्या खटल्यांसाठी एक वेगळं कोर्ट तयार झालं, १५ न्यायाधीश, त्यातले तीनच व्यावसायिक, बाकी सहा खासदार आणि सहा सेनेटर. खटला उभा राहिला फेब्रुवारी १९९९ मध्ये, आणि तेव्हा फाब्यूस कोण होता? असेंब्लीचा विद्यमान अध्यक्ष! म्हणजे ज्या सभागृहाची घंटा हा वाजवतो त्याच सभागृहातले सहा जण त्याचा न्याय करणार. ९ मार्च १९९९ ला निकाल: फाब्यूस आणि द्युफ्वा निर्दोष, आरोग्य खात्याचा तेव्हाचा मंत्री एदमोन एर्वे दोषी पण शिक्षा नाही. कोर्टाने उलट म्हटलं की पंतप्रधानाने लक्ष घातल्यामुळे निर्णय लवकर झाले.

कायद्याने सुटला. पण मेलेल्यांच्या घरच्यांना राजकारण्यांनी राजकारण्याला सोडलं असंच वाटलं, आणि त्या कोर्टाची रचना बघता त्यांना दोष तरी कसा द्यायचा? सभांमध्ये त्याच्या अंगावर हे नाव घेऊन ओरडणारे पुढे कित्येक वर्षं भेटत राहिले.

दुसऱ्यांदा अध्यक्ष कधी?

जून १९९७. आता राष्ट्राध्यक्ष झालेल्या शिराकने स्वतःहून असेंब्ली बरखास्त केली, पैज हरला, डावे जिंकले, जोस्पां पंतप्रधान आणि त्याचा जुना वैरी फाब्यूस परत दांडीवर. पाचव्या प्रजासत्ताकात एकदा उतरून परत त्या खुर्चीवर बसलेले दोघंच, शाबान-देल्मास आणि हा.

या टर्ममध्ये ३५ तासांच्या आठवड्याचा कायदा झाला, महिला-पुरुष समान उमेदवारीसाठी घटनादुरुस्ती झाली, आणि पॅक्स झाला. पॅक्स म्हणजे लग्न न करता, समलिंगी जोडप्यांनाही, करार करून एकत्र राहण्याची कायदेशीर सोय. ९ ऑक्टोबर १९९८ ला, शुक्रवार होता, डाव्यांचे खासदार मतदारसंघात नाहीतर घरी, सभागृहात उजवे जास्त, आणि सरकारचंच विधेयक पहिल्याच प्रस्तावाला आपटलं! स्वतःच्या बहुमताने स्वतःच्याच पायावर धोंडा. मग नव्याने मांडलं, महिनोन्‌महिने चर्चा, क्रिस्तीन बुताँ नावाच्या खासदार बाईंनी विरोधात पाच तास भाषण केलं, आणि १३ ऑक्टोबर १९९९ ला एकदाचं पास.

संसदेचं स्वतःचं टीव्ही चॅनेल पण याच टर्मचं, कायदा डिसेंबर १९९९ मध्ये झाला, चॅनेल २००० मध्ये सुरू. मार्च २००० ला जोस्पांने त्याला अर्थमंत्री केलं, तेव्हा खुर्ची रेमाँ फोर्नीकडे गेली. फ्रँक जाऊन युरोच्या नोटा हातात आल्या १ जानेवारी २००२ ला, तेव्हा अर्थमंत्री हाच.

२००५ मध्ये त्याने पक्षाला दगा दिला का?

युरोपीय संघाच्या घटनेवर फ्रान्समध्ये सार्वमत होतं. समाजवादी पक्षाने आधी डिसेंबर २००४ मध्ये आतल्या आत मतदान घेतलं, ५९ टक्के 'हो'. फाब्यूस पक्षातला दोन नंबरचा नेता, तरी म्हणाला मी 'नाही'. मे २००५ ला देशानेही जवळजवळ ५५ टक्क्यांनी 'नाही' म्हटलं. म्हणजे पक्षात हरला, देशात जिंकला, आणि बक्षीस म्हणून पक्षाच्या नेतृत्वातून हकालपट्टी, तेव्हा पक्षप्रमुख होता फ्रांस्वा ओलांद.

दगा की तत्त्व? मला विचाराल तर दोन्ही थोडं थोडं. मितराँचा मानसपुत्र युरोपविरोधी झाला असं कुणालाच पटलं नाही, २००७ ची राष्ट्राध्यक्ष निवडणूक समोर दिसत होती आणि डाव्या बाजूची मतं गोळा करायची होती असंच बहुतेकांनी धरलं.

मग राष्ट्राध्यक्षपदाला उभा तरी राहिला का?

उमेदवारीच मिळाली नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये पक्षातलं मतदान झालं, सेगोलेन रॉयाल ६० टक्क्यांवर, स्ट्राउस-कान दुसरा, फाब्यूस तिसरा, १९ टक्क्यांच्याही आत. 'नाही' म्हणणारा देश त्याच्यामागे आला नाही, आणि 'हो' म्हणणारा पक्ष तर चिडलेलाच होता.

ओलांदने नंतर त्यालाच परराष्ट्रमंत्री का केलं?

कारण अशा माणसाला बाहेर ठेवण्यापेक्षा विमानात ठेवलेलं बरं. (हे माझं.) दोघांमध्ये प्रेम नव्हतं, पण मे २०१२ ला ओलांद जिंकला तेव्हा अनुभवी माणसं कमीच होती. सीरिया, माली, युक्रेन सगळं अंगावर आलं. नोव्हेंबर २०१३ मध्ये जिनिव्हात इराणशी अणुकरार होत आला होता तेव्हा याने मसुदा ढिला आहे म्हणून अडवला, अमेरिकन वैतागले, दोन आठवड्यांनी सुधारलेला झाला. त्याच काळात असेंब्लीच्या खुर्चीत कोण होता, तर क्लोद बार्तोलोन, फाब्यूसचाच जुना चेला.

पॅरिस करारात याने नेमकं केलं काय? हातोडीच तर आपटली.

हातोडी कधी आपटायची हेच तर सगळं कसब होतं.

परिषद ३० नोव्हेंबर २०१५ ला पॅरिसजवळच्या ल बुर्जेमध्ये सुरू झाली, त्याच्या दोन-अडीच आठवडे आधी, १३ नोव्हेंबरला, पॅरिसमध्ये दहशतवादी हल्ल्यात १३० माणसं गेली होती. तरी परिषद रद्द केली नाही. २००९ ला कोपनहेगनमध्ये देशांचे प्रमुख शेवटी आले आणि सगळा विचका झाला, म्हणून इथे त्यांना पहिल्याच दिवशी बोलावलं, भाषणं करा, फोटो काढा आणि जा, बाकीचं आमच्या लोकांवर सोडा. मग रात्र-रात्र बैठका, त्यातल्या काही 'इन्दाबा' पद्धतीच्या, हा शब्द दक्षिण आफ्रिकेचा, आपल्या गावच्या चावडीसारखं, सगळ्यांनी गोल बसून सरळ सांगायचं की तुमची लक्ष्मणरेषा कुठली.

शेवटच्या दिवशी, १२ डिसेंबरला, मसुदा सादर करताना याचा गळा दाटून आला. आणि मग शेवटच्या तासाला लफडं: श्रीमंत देशांच्या उत्सर्जनकपातीच्या एका कलमात 'करतीलच' असा बंधनकारक शब्द राहून गेला होता, अमेरिकेला 'करावं' एवढंच हवं होतं कारण नाहीतर त्यांच्या सेनेटकडे जावं लागलं असतं. सचिवालयाच्या माणसाने तो बदल टायपिंगच्या चुकांच्या यादीत घालून पटापट वाचला. निकाराग्वाला आक्षेप घ्यायचा होता, पण फाब्यूसने हॉलवर एक नजर टाकली, हरकत दिसत नाही म्हणाला आणि हिरवी छोटीशी हातोडी टेबलावर. संध्याकाळचे साडेसात वाजत आले होते. निकाराग्वाला बोलायला मिळालं, पण करार झाल्यावर!

सहा वर्षांहून जास्त काळ पाले बुर्बाँच्या उंच खुर्चीतून 'मतदान संपलं' म्हटलेल्या माणसालाच हे जमतं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. कराराचे १९६ पक्ष (म्हणजे देश आणि युरोपीय संघ), एकालाही नकाराधिकार वापरायला वेळ नाही.

यात भारताचा आणि आपल्या महाराष्ट्राचा काही संबंध?

आहे ना. तेव्हा भारताचे पर्यावरणमंत्री पुण्याचे प्रकाश जावडेकर होते, ल बुर्जेतल्या वाटाघाटीत आपली बाजू त्यांनी मांडली. भारताचा मुद्दा असा की धूर दीडशे वर्षं तुम्ही सोडला, आता हिशोब सारखा कसा? जबाबदारी सगळ्यांची पण सारखी नाही, आणि 'हवामान न्याय' हा शब्द मजकुरात हवा. दोन्ही गोष्टी करारात आल्या, न्यायाचा शब्द प्रस्तावनेत तरी आला. परिषदेच्या पहिल्याच दिवशी मोदी आणि ओलांद यांनी आंतरराष्ट्रीय सौर आघाडी जाहीर केली, तिचं मुख्यालय गुरुग्रामला आहे.

दुसरा संबंध जैतापूरचा. रत्नागिरीतल्या अणुप्रकल्पाचा फ्रेंच कंपनीशी सुरुवातीचा करार डिसेंबर २०१० चा, म्हणजे सार्कोझीच्या काळातला, फाब्यूसचा नाही. पण तो परराष्ट्रमंत्री असताना दिल्ली-पॅरिस बैठकांच्या यादीत जैतापूर कायम असायचं, आणि तो गेला तेव्हाही तिथे एक अणुभट्टी उभी नव्हती.

कॉन्स्टिट्यूशनल कौन्सिल म्हणजे त्यांचं सुप्रीम कोर्ट का?

नाही. तिकडे कोर्टांच्या दोन वेगळ्या उतरंडी आहेत आणि कौन्सिल त्या दोन्हींच्या बाहेर. नऊ सदस्य, नऊ वर्षं, परत नेमणूक नाही. मुख्य काम, कायदा घटनेत बसतो का ते बघणं. २०१० पासून चालू खटल्यातला सामान्य माणूसही वरच्या कोर्टामार्फत तिथे प्रश्न नेऊ शकतो. सदस्य कायद्याचा पदवीधर असलाच पाहिजे अशी अट नाही, यावर टीका होते आणि ती मला पटते.

फाब्यूस तिथे ८ मार्च २०१६ पासून. त्याने निकालांमधली ती जुनाट 'ज्याअर्थी... ज्याअर्थी...' भाषा काढून टाकली, हे मला भाषा शिकवणारी म्हणून फार आवडलं. २०१९ पासून पॅरिसबाहेर, सुरुवात मेट्झला, सुनावण्या नेल्या.

तीन निकाल लक्षात ठेवा. जुलै २०१८: स्थलांतरितांना निःस्वार्थपणे मदत करणाऱ्या एका शेतकऱ्याच्या प्रकरणात 'बंधुता' हे नुसतं नाण्यावरचं ब्रीद नाही तर घटनात्मक तत्त्व आहे असं सांगितलं. एप्रिल २०२३: निवृत्तीचं वय ६४ करणारा कायदा, लाखो लोक रस्त्यावर, कौन्सिलभोवती पोलिसांचे अडथळे, आणि कौन्सिलने मुख्य भाग मान्य केला. जानेवारी २०२४: स्थलांतराच्या कायद्यातली ८६ पैकी ३५ कलमं पूर्ण किंवा अंशतः उडवली, बहुतेक या कारणाने की मूळ विधेयकाशी त्यांचा संबंध नव्हता, चर्चेत मागच्या दाराने घुसवली होती. पहिल्या निकालाने उजवे चिडले, दुसऱ्याने डावे, तिसऱ्याने परत उजवे. पंचाला प्रेक्षकांनी शिव्या घातल्या म्हणजे पंच बरोबरच असतो असं नाही, पण दोन्ही स्टँडमधून आल्या एवढं खरं.

त्याच्या जागी कोण आलं?

रिशार फेराँ, तोही असेंब्लीचा माजी अध्यक्ष. फाब्यूसच्या आधी झाँ-लुई दब्रे, तोही असेंब्लीचा माजी अध्यक्ष. सलग तीन. मॅक्रॉनने फेराँचं नाव दिलं तेव्हा संसदेच्या समित्यांमध्ये इतका विरोध झाला की ५९ विरोधी मतं पडली असती तर नेमणूकच रद्द होती. पडली ५८.